लाल हिंगणी, हिरवं रोहणा

आमच्या पतसंस्थेच्या वर्ध्याच्या मुख्य कार्यालयात अध्यक्षांच्या खुर्चीसमोर गणपतीची तसबीर होती. नेटवर्क आलं त्या वर्षी ती खिडकीजवळ सरकली आणि तिच्या जागी एक भला मोठा टीव्ही लागला. टीव्हीवर वर्धा जिल्ह्याचा नकाशा आणि नकाशावर आमच्या शाखांचे ठिपके. शाखेची लाइन चालू असेल तर ठिपका हिरवा, बंद असेल तर लाल. अध्यक्ष सकाळी आले की आधी नकाशापुढे उभे राहत, मग गणपतीपुढे. उदबत्ती एकच लागायची, आणि ती कुठे लावायची हे शिपायाला सांगावं लागत नसे.

अध्यक्षांना सगळे बापूसाहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना रंगीत गोष्ट खरी वाटायची. आकड्यांचे कागद पुढे ठेवले तर ते चष्मा शोधायला लागत. हिरवा ठिपका दिसला की चष्मा लागत नसे.

मी त्या संस्थेत नेटवर्कची प्रमुख होते. प्रमुख म्हणजे हाताखाली कोणी नाही आणि वर सगळे. नव्वदच्या दशकात मी लागले तेव्हा हुद्दा कॉम्प्युटर ऑपरेटरचा होता आणि काम होतं शाखांकडून एसटीने आलेल्या फ्लॉप्या उघडून बघण्याचं. निम्म्या उघडत नसत. एकदा एक फ्लॉपी कंडक्टरच्या जेवणाच्या डब्याखाली प्रवास करून आली, तिच्यात माहितीपेक्षा तेल जास्त होतं. पुढे लाइनी आल्या, फ्लॉप्या गेल्या, आणि तेल नसूनही माहिती कशी बिघडते ते मला कळायला लागलं. हा किस्सा त्याच काळातला, दोन हजार सालानंतरच्या दशकातला. संस्थेचं नाव लिहीत नाही. त्यातले निम्मे संचालक मला अजून भाजीबाजारात भेटतात.

आधी थोडं कामाबद्दल, म्हणजे पुढचं समजेल.

प्रत्येक तालुक्याच्या शाखेत राउटर नावाची एक पेटी असते. तिला एसटी स्टँडवरची चौकशीची खिडकी समजा. खिडकीतल्या माणसाजवळ एक पाटी असते: या गावाला जायचं असेल तर त्या फलाटावर जा. आर्वीच्या राउटरच्या पाटीवर रोहणा असतं, सेलूच्या राउटरच्या पाटीवर हिंगणी असते. गावाची लाइन चालू झाली की पाटीवर त्या गावाची ओळ उमटते, लाइन तुटली की ओळ पुसली जाते. राउटर हे सगळं आपापलं करतो, कोणाला विचारत नाही. म्हणून मला राउटर आवडायचे.

नकाशाचं सॉफ्टवेअर पुण्याच्या एका कंपनीचं होतं. शाखांच्या लाइनी इतक्या बारीक होत्या की दर मिनिटाला प्रत्येक शाखेला हाक मारली असती तर लाइनीचा निम्मा जीव ओ देण्यातच गेला असता. म्हणून ते सॉफ्टवेअर शाखेला विचारतच नसे. ते तालुक्याच्या राउटरला विचारायचं, ‘बाबा, तुझी पाटी वाचून दाखव.’ पाटीवर हिंगणी आहे? मग हिंगणी हिरवी. नाही? मग लाल. म्हणजे गावातला माणूस जिवंत आहे की नाही हे त्याच्या घरी न जाता स्टँडवर विचारायचं. कल्पना वाईट नव्हती. स्टँडवाला नीट बोलत होता तोवर.

प्रत्येक शाखेला एक पत्ता, म्हणजे एक नंबर द्यावा लागतो. मी तालुकावार गट पाडले. सेलू तालुक्याचा गट आठपासून सुरू होत होता. अशा गटातला पहिला नंबर मोकळा ठेवलेला बरा, कारण अख्ख्या गटाला त्याच नंबराने ओळखतात. ‘आठ, तालुकाभर’ असं पाटीवर लिहिलं की सेलूकडे जाणारं सगळं त्यात येतं. मी आठ मोकळा ठेवून सेलूला नऊ, हिंगणीला दहा दिला आणि यादी संचालक मंडळापुढे ठेवली. तिथेच माझं चुकलं. वायरींची यादी कोणी मंडळापुढे ठेवतं का? पण बापूसाहेबांना सगळं मंडळापुढे लागायचं.

हिंगणीचे संचालक वामनराव. मंडळात सर्वांत ज्येष्ठ. त्यांनी यादी लांब धरून वाचली.

“हिंगणी दहावी काऊन?”

“नंबर आहे फक्त, वामनराव. मशीनला कळावा म्हणून.”

“आन् सेलू नववी?”

“हो.”

“संस्था निघाली तवा पयली शाखा कोनाची होती? सेलूची होती का?”

“तो मानाचा नंबर नाही. काही फरक पडत नाही त्याने.”

“फरक पडत नाई नं? मंग द्या आमाले पयला.”

मी सांगून पाहिलं. गल्लीचं नाव आणि गल्लीतल्या पहिल्या घराचं नाव एकच ठेवलं तर पोस्टमनचा गोंधळ होतो, असं म्हटलं. बापूसाहेब म्हणाले, “मशीन आहे मॅडम, पोस्टमन नाई.” मी म्हटलं, बरं, नंबराशेजारी माप लिहिलेलं असतं, ‘आठ, एका शाखेपुरता’ आणि ‘आठ, तालुकाभर’, राउटरला त्यातला फरक कळतो, चालून जाईल. वामनराव खूश झाले. आठ नंबर हिंगणीला, असा ठराव एकमताने मंजूर झाला. पंगतीतल्या पाटाचा मान ऐकला होता, वायरीतला मान मी तिथे पहिल्यांदा पाहिला.

आणि खरंच चालून गेलं. दोन वर्षं हिंगणी हिरवी राहिली. मग एका मार्चच्या अवकाळी पावसात सेलूच्या शाखेवर वीज पडली आणि तिथला राउटर जळाला. जुना राउटर महागाचा होता, म्हणून मंडळाने दुसऱ्या कंपनीचा स्वस्तातला घ्यायला लावला. मी बसवला, लाइनी चालू झाल्या, नकाशा हिरवा झाला आणि बापूसाहेबांनी नागपूरहून आलेल्या एका पाहुण्याला तो दाखवून चहा पाजला.

आठवड्याभरात हिंगणी दुपारची लाल व्हायला लागली.

हिंगणीच्या शाखेत प्रमोद मेश्राम होता. शाखा छोटी, तोच कारकून, तोच प्रमुख. बी. कॉम. झालेला, कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, परिवीक्षाधीन मुदतीवर लागलेला. उन्हाळ्याअखेर मुदत संपत होती. कायम करायचं की काढायचं हे तेव्हा ठरणार होतं. घरी तो एकटा कमावणारा. या गोष्टीत पणाला काय लागलं होतं असं कोणी विचारलं तर ते हे. नकाशा, मान, रंग हे बाकीच्यांचे खेळ होते.

पहिल्या दुपारी बापूसाहेबांनी माझ्यासमोरच स्पीकरवर फोन लावला.

“मेश्राम, काऊन बंद केली लाइन?”

“चालू आहे साहेब. आत्ताच पावती काढली.”

“नकाशा लाल दाखवून राह्यला.”

“साहेब, मी शाखेत बसलो आहो. नकाशात नाई बसलो.”

बापूसाहेबांनी फोन ठेवला. “पोरगा उलटून बोलते,” ते म्हणाले.

त्या एका वाक्याने मेश्रामचं जेवढं नुकसान झालं तेवढं लाल ठिपक्याने झालं नसतं. पुढच्या बैठकीत कोणीतरी हिशेब मांडला: लाल होतं ते रोज दुपारी जेवणानंतर. म्हणजे पठ्ठ्या मशीन बंद करून झोपतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. खरं सांगायचं तर मेश्राम झोपतो हे समजायला काही संचालकांना नकाशा लागलाच नाही. त्याचं आडनाव वाचलं तेव्हाच त्यांना ते कळलं होतं. नकाशाने फक्त रंग भरला.

“मले त आधीच वाटत होतं,” वामनराव म्हणाले. त्यांचा पुतण्या बारावी होऊन घरी बसला होता, हे मला आधीच माहीत होतं.

आता रोहण्याबद्दल. रोहण्याच्या शाखेचे व्यवस्थापक सुधाकर ढोले. गोरे, गुबगुबीत, बोलण्यात साखर. सुरुवातीचे दिवस सोडले तर रोहण्याचा ठिपका एकदाही लाल झाला नव्हता. आर्वी तालुक्यात वादळ झालं, झाडं पडली, आजूबाजूच्या शाखा लाल, रोहणा हिरवं. आमच्या सगळ्या शाखांत रोज कुठे ना कुठे काही ना काही तुटायचं. रोहण्यात काहीच तुटत नव्हतं. मी सोडून कोणाला त्याचं नवल वाटलं नाही. उलट मे महिन्यातल्या वर्धापनदिनाला ‘सतत हिरवी शाखा’ म्हणून ढोल्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा ठरला. आणि त्याच्या आदल्या बैठकीत मेश्रामचा विषय निकाली काढायचा.

मी हिंगणीला गेले. सकाळच्या बसने, डबा घेऊन, कारण दुपार बघायची होती. शाखा म्हणजे एक खोली, बाहेर बोरच्या जंगलाकडे जाणारा रस्ता. मेश्रामने मला खुर्ची दिली, स्वतः स्टुलावर बसला.

“मॅडम, तुमी बी मी झोपतो का ते पाहाले आल्या का?”

“हो. झोप खुशाल, मी लिहून घेते.”

तो हसला नाही. त्याचं बरोबर होतं.

दुपारी लोडशेडिंगची वेळ झाली. हिंगणीच्या शाखेत बॅटरी होती, मशीन चालू राहिलं. सेलूला इन्व्हर्टर होता, पण त्यावर व्यवस्थापकांचा पंखा होता, राउटर नव्हता. सेलूचा राउटर बंद पडला आणि हिंगणीची लाइन गेली. वीज आली, राउटर उठला, लाइन परत आली. एक म्हातारे शेतकरी मघापासून बसले होते, मेश्रामने त्यांची पावती काढली. मी लगेच मुख्य कार्यालयात रोखपाल बाईंना फोन केला.

“हिंगणीचा ठिपका कसा आहे?”

“लाल आहे नं मॅडम. बापूसाहेब पाहूनच राह्यले.”

“आणि हिंगणीची आत्ताची पावती तुमच्या मशीनवर आली?”

“आली की. आत्ताच.”

म्हणजे पावती लाइनीवरून वर्ध्याला पोचत होती आणि त्याच लाइनीला वर्ध्याचा नकाशा मेलेली म्हणत होता.

“मॅडम, हे सायबाले दाखवा नं,” मेश्राम म्हणाला.

“दाखवते. आधी मला कळू दे.”

पुण्याच्या कंपनीला फोन केला. तिकडचा आवाज अतिशय शांत. “मॅडम, आमचं सॉफ्टवेअर नियमाप्रमाणेच वाचतं. तुमचा राउटर चुकीचं सांगत असणार. एकदा बंद करून चालू करून बघता का?” मी म्हटलं, लोडशेडिंगवाले रोज तेच करून बघतात. राउटर विकणाऱ्या नागपूरच्या दुकानदाराला फोन केला. “मॅडमजी, राउटर एकदम बढिया है. आपका सॉफ्टवेअर पुराना सवाल पूछ रहा है.” दोघांनीही एकमेकांचे नंबर मागितले नाहीत. या धंद्यात मी हेच पाहिलं: बिघाड नेहमी दुसऱ्याच्या पेटीत असतो.

गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत होते.

राउटर एक पाटी ठेवत नाही, दोन ठेवतो. एक जुन्या पद्धतीची, एक नव्या. नव्या पाटीवर नंबराशेजारी माप असतं, तेव्हा ‘आठ, एका शाखेपुरता’ आणि ‘आठ, तालुकाभर’ अशा दोन ओळी खाली-वर सुखाने राहतात. राउटर स्वतः काम करतो तो नीटच, म्हणून हिंगणीची पावती पोचत होती. जुनी पाटी मात्र बाहेरून कोणी विचारलं तर दाखवण्यापुरती. तिच्यावर एका नंबराला एकच ओळ बसते. आठ दोनदा आला तर कोणता ठेवायचा? याला नियम नाही, पेटी बनवणाऱ्याची मर्जी. सेलूचा जळालेला राउटर छोटी ओळ ठेवायचा, म्हणजे हिंगणी. नवा राउटर शेवटी लिहिलेली ओळ ठेवायचा. आणि पुण्याचं सॉफ्टवेअर जुनी पाटीच वाचत होतं.

सकाळी सेलूची शाखा आधी उघडायची. राउटर उठून तालुक्याची ओळ लिहायचा, मग हिंगणी उघडली की तिची ओळ तिच्यावर बसायची. शेवटची हिंगणी, म्हणून हिरवी. दुपारी वीज येऊन राउटर उठायचा तेव्हा हिंगणी आधीच जागी असायची. तिची ओळ पहिली लागायची आणि तालुक्याची मागून येऊन तिच्यावर बसायची. हिंगणी पाटीवरून नाहीशी, ठिपका लाल. मेश्राम झोपत नव्हता. सगळ्यात आधी तयार बसलेला असायचा म्हणून लाल होत होता.

दुसऱ्या दिवशी सेलूला जाऊन मी राउटर माझ्या हाताने बंद-चालू केला आणि हिंगणी मला हवी तेव्हा लाल, हवी तेव्हा हिरवी करून पाहिली. सेलूचे व्यवस्थापक पंख्याखालून बघत होते. “मॅडम, कायले त्याचा जीव घेता?” म्हणाले.

परतीच्या बसमध्ये डोक्यात दुसरा किडा शिरला. लाल खोटा असू शकतो, तर हिरवा?

वर्ध्याला येऊन आर्वीच्या राउटरची पाटी वाचली. आर्वीचा राउटर जुन्या, महागाच्या कंपनीचा, दोन्ही पाट्या व्यवस्थित. पण रोहण्याची ओळ आपोआप उमटलेली नव्हती. सुरुवातीला रोहण्याची लाइन सारखी लपंडाव करायची, तेव्हा ती बसवायला आलेल्या बाहेरच्या माणसाने वैतागून ती ओळ हाताने लिहून ठेवली होती. हाताने लिहिलेली ओळ राउटर पुसत नाही. ती ऑइलपेंटची पाटी. एसटी बंद झाली तरी ‘रोहणा, फलाट चार’ लिहिलेलंच राहतं. नकाशा ते वाचून हिरवा व्हायचा. रोहण्यात मशीन चालू आहे, बंद आहे, की शाखा पुरात वाहून गेली, त्याचा त्या ठिपक्याशी काही संबंध नव्हता.

रोहण्याला मी मुद्दाम गेले नाही. मी बघून आले असते तर तो माझा शब्द झाला असता.

बैठक दुपारी भरली, पहिला विषय सत्काराचा होता. ढोलेसाहेबांना चहाला बोलावलं होतं, ते कडक इस्त्रीच्या शर्टात वामनरावांशेजारी बसले होते. मी उभी राहून सेलूच्या राउटरबद्दल सांगायला लागले. पाट्या, ओळी, माप. दोन मिनिटांत बापूसाहेबांनी हात वर केला.

“मॅडम, हे पाट्याफिट्या आमाले नका सांगू. एका शब्दात सांगा. लाल म्हणजे बंद का नाई?”

“नाही. लाल म्हणजे बंद असेलच असं नाही. आणि हिरवा म्हणजे चालू असेलच असंही नाही.”

“आता हे काय नवीन?”

“फोन लावून बघा. समोर नकाशा आहेच. हिंगणी आत्ता लाल आहे, हिंगणीला लावा.”

स्पीकरवर मेश्राम आला. मी त्याला समोरच्या माणसाची पावती काढायला सांगितली. रोखपाल बाई मशीनसमोर होत्या, त्या म्हणाल्या, “आली.” ठिपका लालच होता. मंडळ ठिपक्याकडे बघत होतं, बाईंकडे नाही.

“योगायोग असन,” वामनराव म्हणाले.

“आता रोहणा लावा,” मी म्हटलं. “ढोलेसाहेब इथे आहेत, तिथे कोणीतरी असेलच.”

ढोले म्हणाले, “कायले उगाच? शिपाई आहे फक्त, त्याले काही समजत नाई.” त्यांच्या कपाळावर घाम दिसायला लागला. आमच्याकडे मे महिन्यात सगळ्यांनाच येतो, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही.

शिपायाने फोन उचलला. बापूसाहेब स्वतः बोलले.

“रोहण्याचं मशीन चालू आहे का रे?”

“कोण बोलून राह्यलं?”

“अध्यक्ष बोलतो.”

“नमस्कार साहेब. मशीन त बंद आहे नं. तिच्या प्लगात कूलर लावला.”

“कूलर?”

“एकच प्लग आहे साहेब. ढोलेसायबानंच सांगतलं. मार्चपासून कूलरच आहे.”

“मंग पावत्या?”

“हातानं लेहून राह्यलो. संध्याकाळी साहेब आर्वीले नेते, तिथल्या मशीनवर टाकते. आज साहेब तुमच्याइकडं आले, त आज नाई जात.”

भिंतीवर रोहणा हिरवंगार चमकत होतं. बापूसाहेब फोन हातात धरून त्याच्याकडे बघत राहिले. मला त्यांची थोडी दया आली. देव नवसाला पावत नाही हे कळणं वेगळं, आणि तो आपल्याला हसतोय असं वाटणं वेगळं.

“साहेब, ऊन लई होतं,” ढोले म्हणाले.

मला वाटलं, झालं. आता मेश्राम कायम होईल आणि ढोले घरी जातील. इतकी वर्षं त्या मंडळाबरोबर काम करून मला असं वाटलं, याचं मला आजही हसू येतं.

मंडळाने पाऊण तास चर्चा केली. निमंत्रणपत्रिका छापून झाल्या होत्या, शाल आणलेली होती. तेव्हा सत्कार रद्द करणं बरं दिसणार नाही, फक्त ‘सतत हिरवी शाखा’ऐवजी ‘उत्कृष्ट व्यवस्थापन’ म्हणावं. रोहण्याच्या शाखेला आणखी एक प्लग बसवून द्यावा. हिंगणीचा नंबर बदलला तर सगळा घोळ एका तासात मिटतो, असं मी सांगितलं, तर वामनराव उभे राहिले. ठराव झालेला आहे, म्हणाले. मान एकदा दिला की परत घेत नसते. तो विषय तिथेच मिटला. मग मेश्राम. त्याच्यावरचा दुपारी लाइन बंद ठेवण्याचा ठपका मंडळ मोठ्या मनाने माफ करत असून त्याला कायम करण्यात येत आहे.

“माफ?” मी विचारलं. “त्याने काही केलंच नाही.”

“म्हणून त माफ केलं,” बापूसाहेब म्हणाले.

मेश्राम आदेश घ्यायला वर्ध्याला आला. वाचला, घडी घालून माझ्या टेबलावर ठेवला.

“मॅडम, म्या काही केलं नाई, त माफी कायची?”

“शब्द आहे रे एक. नोकरी कायम झाली, ती घे आणि जा.”

“शब्दच ठेवतील नं मॅडम फाइलीत. पुढच्या बढतीच्या वेळेस हेच वाचतील. याले एकदा माफ केलं होतं.”

मी भावनेने काम करणारी बाई नाही, पण तो खरं बोलत होता आणि मी त्या संस्थेच्या फायली पाहिल्या होत्या. मी बापूसाहेबांकडे गेले. म्हटलं, माफ शब्द काढा, ‘दोष आढळला नाही’ लिहा.

“मंग दोष कोणाचा लिहाचा?” ते म्हणाले. “वामनरावचा? का माह्या?”

“राउटरचा लिहा.”

“राउटर मंडळानं मंजूर केला.”

“सॉफ्टवेअरचा लिहा.”

“ते मी पसंत केलं.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “मॅडम, मेश्रामले त कोणी पसंत-मंजूर केलं नाई नं. त्याच्यावर राहू द्या.”

एवढं सरळ बोलणं मी त्यांच्या तोंडून पुन्हा कधी ऐकलं नाही.

मेश्रामने आदेश घेतला नाही. राजीनामा दिला. मी त्याला मूर्ख म्हटलं, तोंडावर. नोकरी हातची सोडू नको, घरी आई आहे, दोन बहिणी आहेत, रागाने चूल पेटत नाही, सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकून घेत होता. मग म्हणाला, “तुमी माह्यासाठी लई फिरल्या मॅडम. पण तुमचा राउटर बी दोन ओळी ठेवते. मले एकच ठेवाची आहे.” काही महिन्यांनी जामच्या चौकात त्याने झेरॉक्स आणि कॉम्प्युटर टायपिंगचं दुकान टाकलं. हायवेवरचा धंदा, चालला. सुरुवातीला ओढाताण झाली, ती त्याने मला सांगितली नाही, त्याच्या बहिणीने सांगितली.

पुण्याच्या कंपनीने बऱ्याच फोनांनंतर नवं सॉफ्टवेअर दिलं, नवी पाटी वाचणारं. रोहण्याची हाताने लिहिलेली ओळ मी पुसली. त्या दिवसापासून आमचा नकाशा खरं बोलायला लागला. लाल म्हणजे बंद, हिरवा म्हणजे चालू, अपवाद नाही. माझ्या नोकरीत मी जी चार-दोन कामं पुरती नीट केली त्यातलं ते एक.

हिंगणीच्या शाखेत वामनरावांचा पुतण्या लागला. पहिल्याच आठवड्यापासून हिंगणी दुपारी लाल. मी सेलूचा राउटर पाहिला, दोन्ही पाट्या पाहिल्या, काही चुकलेलं नव्हतं. शेजारच्या चहावाल्याला फोन केला. तो म्हणाला, “शटर अर्धं खाली आहे नं बाई. दोन वाजल्यापासून चार वाजेपर्यंत असतेच.”

मी बापूसाहेबांकडे गेले. ते नकाशासमोरच बसले होते. हिंगणीचा ठिपका त्यांच्या नाकासमोर लाल होता.

“हिंगणी बंद आहे,” मी म्हटलं.

“नाई मॅडम,” ते म्हणाले, अगदी प्रेमाने, एखाद्याला धीर द्यावा तसं. “तुमीच त सगळ्या मंडळासमोर फोन लावून दाखवलं होतं. लाल म्हणजे बंद असेलच असं नाई.”

मी बैठकीत तेच म्हटलं होतं, शब्दही तेच. मंडळाच्या गळी एखादी तांत्रिक गोष्ट उतरवणं मला त्या नोकरीत एकदाच जमलं, आणि ती अशी उतरली की नंतर मलाच ती बाहेर काढता आली नाही.